मेंबरांची खुर्ची, गावाची खुर्ची

मी सरपंचाची खुर्ची बोलतेय. माझ्यासाठी भांडले सगळे, पण मला कधी कोणी काही विचारलं नाही. म्हणून आज माझं मीच सांगते.

कामरगावच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. जीपच्या टपावर बसून मी या गावच्या ग्रामपंचायतीत आले. काय तोरा होता माझा तेव्हा!

पहिले बसले भागवतराव. त्या काळी नऊ मेंबर आपल्यातूनच एकाला सरपंच करायचे. बहुमत भागवतरावांचं, त्यामुळे विषय निघाला की चहा येईपर्यंत ठराव पास. पण बिचारे कधी पाठ टेकून बसले नाहीत. कोणी मेंबर रुसला की याच्या घरी जा, त्याची समजूत काढ. एकदा जगदेव नावाचा मेंबर रुसला आणि सहा जणांना जीपमध्ये भरून देवदर्शनाला घेऊन गेला. सगळ्यांचे फोन बंद. परतले ते थेट अविश्वास ठरावाला हात वर करायलाच. अर्ध्या तासात भागवतराव घरी!

मग नियम बदलला. सरपंच गावाने थेट निवडायचा. तांड्यावरच्या गोमतीबाई निवडून आल्या. पहिल्याच दिवशी माझ्यावर मांडी घालून बसल्या, मला फार आवडल्या. त्यांना एकच काम करायचं होतं. तांड्यावर नळ न्यायचा होता, कारण तिथल्या बाया अजून लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. पण नऊपैकी सात मेंबर जगदेवचे. दर बैठकीला नळाचा ठराव, दर बैठकीला सातही हात मांडीवर. अशी दोन वर्षं गेली.

बाईंची लेक रंजीता कॉलेजात शिकते. ती एकदा म्हणाली, "आई, भागवतकाकाचं दिल्लीच्या पंतप्रधानासारखं होतं, मेंबरायनं निवडलेलं. तुयं अमेरिकेच्या अध्यक्षासारखं हाय, लोकायनं निवडलेलं."

"मंग अमेरिकेत मेंबर आडवे आले तं नळ कोण देते?" बाईंनी विचारलं.

शेवटी जगदेवने बाईंवरही अविश्वास आणला. सात हात वर झाले. पण गावाने बसवलेल्या बाईला उठवायचं तर गावालाच विचारावं लागतं. ग्रामसभा भरली. मला शाळेच्या पटांगणात नेलं, माझ्यावर तालुक्याचे साहेब बसले आणि गोमतीबाई खाली सतरंजीवर. चिठ्ठ्या पडत होत्या आणि माझा जीव वर-खाली होत होता. तांड्याची मतं जेमतेम दीडशे. बाई गेल्या की नळही गेला.

मोजणी झाली. बाईंच्या बाजूने चारशे बारा, विरोधात दोनशे सात. म्हणजे जगदेवच्या गल्लीनेसुद्धा बाईंनाच राखलं असणार!

बाईंनी गुलाल उधळू दिला नाही. त्या सरळ जगदेवपाशी गेल्या.

"जगदेवभाऊ, गावानं मले उठू देल्लं नाही. पर तुमच्याबिगर मले चालता बी येत नाही. नळाचं काय करता?"

पुढच्या बैठकीत नळाच्या ठरावाला जगदेवचा हात सगळ्यात आधी वर गेला. वर म्हणतो कसा, "मी पाइपाले हात वर करून राह्यलो, तुमाले नाही."

"पाणी पाइपातूनच येते, भाऊ," बाई म्हणाल्या. सगळी बैठक हसली, जगदेवही हसला.

आज सकाळपासून मी रिकामी आहे. तांड्यावर पहिल्यांदा पाणी सुटणार, म्हणून बाई आणि जगदेव एकाच गाडीवर गेलेत. कोणती पद्धत बरी, ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा. माझं मागणं एवढंच, की माझ्यावर बसणाऱ्याने आणि समोर बसणाऱ्यांनी एकमेकांशी बोलणं सोडू नये.

आत्ताच हरीओम शिपायाचा फोन वाजला. पलीकडून रंजीता ओरडत होती, "पाणी आलं! पयली घागर जगदेवकाकानं आईच्या डोक्शावर उचलून देल्ली."

हरीओमने फोन ठेवला, डोळे पुसले आणि आनंदाच्या भरात माझ्यावरच बसला. मीही त्याला ऊठ म्हटलं नाही.