दिलेला पट

आमच्या गोल्फ संघाचा कप्तान दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारा हा गृहस्थ त्या सकाळी आम्हा दोघी बहिणींना तोंड बंद ठेवायला सांगत होता.

“फोरसम्स म्हणजे माणसं चार आणि चेंडू दोनच,” तो म्हणाला. “एका जोडीला एक चेंडू. एक फटका हिचा, पुढचा तिचा. पाळी चुकली की तो होल, म्हणजे त्या भोकापुरता डाव, गेला. आणि जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही. पुस्तकात नाही हे, पण म्हणायचं नाही. एकदा सुरू झालात की शेवटपर्यंत माफ्याच मागत बसाल.”

घ्या! जो शब्द ऐकायला मी आले होते, त्यालाच बंदी.

ताई आणि मी बाबांचं चष्म्यांचं दुकान चालवायचो. मी मागे भिंगं घासायची, ती पुढे गिऱ्हाईक सांभाळायची. एके सकाळी तिने किल्ल्या काचेच्या टेबलावर ठेवल्या आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शोरूममध्ये नोकरीला गेली. ना भांडण, ना निरोप. निम्मं गिऱ्हाईक तिच्या मागोमाग गेलं. दुकान मी एकटीने ओढलं, पण तेव्हापासून आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आता ती मुलाकडे परदेशी निघाली होती, कायमची. या आठवड्यात नाही बोलली तर कधीच बोलणार नव्हती. कप्तानाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सख्ख्या बहिणी म्हणजे हुकमी जोडी, एवढाच त्याचा हिशेब.

आदल्या दिवशी बाकीचे सामने झाले होते. फोरबॉलमध्ये प्रत्येकाचा आपला चेंडू, जोडीतला चांगला आकडा धरायचा. सिंगल्समध्ये एकास एक. जिंकलेल्या सामन्याचा एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. आमचा सामना शेवटचा, आणि कप आणायला अर्धा गुणही पुरे होता.

मैदानावर धुकं इतकं दाट होतं की चेंडू मारला की तो कुठेतरी दुसरीकडेच राहायला गेल्यासारखा वाटायचा. माझा चष्मा सारखा धुरकट होई. शेवटी मी तो काढून खिशात टाकला. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून जन्म घालवलेली बाई मी, आणि मला ते पुसट जग फार आवडलं. झाडं पाण्यात विरघळत होती. ताई म्हणजे नुसता एक पिवळा कोट, पुढे पुढे तरंगत जाणारा. आम्ही दोघी तोंडात मिठाची गुळणी धरून त्या एका चेंडूमागे चालत होतो. झोपेत चालावं तसं.

समोर विरुद्ध संघातला केमिस्ट आणि त्याची बायको. ती जोडी मात्र अखंड बोलत होती. “सॉरी हं,” तो म्हणायचा. “तुझं नेहमीचंच,” ती म्हणायची. धुक्यातून त्यांचा संसार ऐकू यायचा, माणसं दिसायची नाहीत.

मॅच-प्लेमध्ये फटक्यांची बेरीज नसते. होल जिंकला, हरला किंवा सारखा सुटला, एवढंच. एका होलवर तुम्ही दहा फटके घालवा, जातो एकच होल. पुढच्या होलला पाटी कोरी. हे मला पटत नव्हतं. मी पाट्या पुसणाऱ्यांतली नाही. ताईने मारलेला चेंडू झुडपापाशी सापडला की मनात यायचं, हिने सोडायचं आणि मी निस्तरायचं, दुसरं काय!

पण बऱ्याच वेळाने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ताईचा फटका माझ्याहून लांब जातो, तरी ती तो आखूड मारत होती. चेंडू दर वेळी सपाट गवतावर, भोकाभोवतीच्या हिरवळीपासून बरोबर त्या अंतरावर थांबत होता, जिथून माझा हात बसतो. त्याहून जवळून मी घाबरते आणि चेंडूचा सत्यानाश करते. लहानपणी बाबांबरोबर खेळताना मी यावरून रडायची. तिने ते लक्षात ठेवलं होतं. मला बरं वाटलं, आणि रागही आला. एवढं आठवतं, मग तोंडाने बोलायला काय होतं?

त्या रागातच पुढचा फटका मी थेट बंकरच्या वाळूत घातला. तोंडातून निघूनच गेलं, “सॉरी!”

पिवळा कोट थांबला. “चिमे, म्हणायचं नाहीये,” ताई म्हणाली. त्या दिवशीचं तिचं पहिलं वाक्य. तिने वाळूतून चेंडू काढून इतका अलगद ठेवला, की तो होल सारखा सुटला.

शेवटच्या होलवर दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. केमिस्टच्या जोडीचा चेंडू पाच फटक्यांत आत गेला. चार फटक्यांत जिंकण्यासाठी ताईने पट, म्हणजे हिरवळीवरून भोकाकडे ढकलायचा हलका फटका, मारला. तो कडेला लागून हातभर पुढे गेला. आता पाळी माझी. हा पट आत गेला की बरोबरी, अर्धा गुण, कप. मी चष्मा घातला. ताईने पाहावं, मागे राहिलेली बहीण काय करू शकते ते, असं मला मनापासून वाटत होतं.

“दिला,” केमिस्टची बायको म्हणाली. “उचला चेंडू.”

“नको. मी मारते.”

“अहो, दिलेला पट म्हणजे आत गेलाच धरायचा, तो नाकारता येत नाही. आम्हालाही परत घेता येत नाही. नियमच आहे तसा.” मग नवऱ्याकडे वळून, “आणि तुला रे, गारठून मरायचंय का इथे?”

मी चेंडू उचलला. न मारलेल्या पटाबद्दल सगळे टाळ्या वाजवत होते. मला अगदी फसवल्यासारखं वाटलं, आणि तरी हातात तो ओला चेंडू धरून मी हसत सुटले.

गाडीपाशी ताई डिकीच्या कडेवर बसली होती, एक बूट काढलेला, एक पायात. धुकं विरळ झालं होतं. तिचे हात म्हातारे झालेले मला पहिल्यांदाच दिसले.

“चिमे, त्या दिवशी मी किल्ल्या ठेवून...” ती पायातल्या बुटाची गाठ ओढू लागली. “मला तुला...”

येणारच होता तो शब्द. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी दाराला कान लावून बसले होते.

“दिला, ताई,” मी म्हटलं. “उचल.”

“अगं, मला म्हणू तरी दे. चार दिवस आरशासमोर घोकलंय मी.”

“नाकारता येत नाही.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलीसारखी रडू लागली. मला फार हलकं वाटलं. थोडी चुटपुटही लागली, कारण तो शब्द मला ऐकायचा होताच. मी खाली बसले आणि तिच्या दुसऱ्या बुटाची भिजलेली गाठ सोडवू लागले. ती काही केल्या सुटेना, आणि मला घाई नव्हती.