खोडातली चरचर

खजुराच्या खोडाला कान लावला की सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत खाताना ऐकू येतात. ओली चरचर असते ती. आमच्या गावात ऐकायचं काम माझं. मी "कीड आहे" म्हटलं की शेतकी खात्याची माणसं झाड पाडतात, तुकडे करून पुरतात.

त्या उन्हाळ्यात मी झुवैनाच्या झाडाला कान लावला. ती आमच्या आईचं दूध प्यालेली, म्हणून माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, खल्फानची, बहीणच. झाड तिच्या मुलाच्या, सैफच्या जन्माच्या दिवशी लावलेलं. सैफ मासेमारीला गेला तो परत आलाच नाही.

"काय रे सालेम, झोप लागली का तिथे?" झुवैनाने विचारलं.

मी कान काढला नाही. चरचर स्पष्ट होती. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"त्याला कबरसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली. "एवढंच आहे माझ्याकडे."

पाटापलीकडून खात्याच्या माणसाने विचारलं, "काय काका?"

"निरोगी आहे," मी म्हणालो.

शेंडा हिरवागार होता, घड लागलेले. त्याने विश्वास ठेवला.

दीड महिन्याने खजूर पिकला. झुवैनाचे घड दरवर्षी मीच उतरवायचो. यंदा म्हणालो, "गुडघा धरलाय. राहू दे, पाखरं खातील."

"बहिणीचा खजूर पाखरांना?" खल्फान हसला. "म्हातारा झालास, कबूल कर." त्याने माझ्या खांद्यावरचा दोर ओढून घेतला.

तेव्हा बोलता आलं असतं. आम्ही तिघंच होतो. झुवैना कॉफी ओतत होती.

"जपून चढ," एवढंच म्हणालो.

"तू नको शिकवू मला!" तो वरून ओरडला.

वर पोचून त्याने कमरेला आणि खोडाला वेढलेल्या दोरावर अंग मागे टाकलं आणि शेंडा मोडला. आवाज फार झाला नाही. आत लाकूड उरलंच नव्हतं, नुसता आंबूस वासाचा भुसा. जमिनीवर पडलेल्या खल्फानच्या अंगावर अळ्या वळवळत होत्या. झुवैना त्या वेचून टाकत होती, त्याचा श्वास थांबला हे कळल्यावरही.

"तुला ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"तू म्हणालीस म्हणून..."

"मी फक्त झाड मागितलं होतं. त्याला चढू दे म्हणाले नव्हते."

लोक धावत आले. काय झालं, कोणीतरी विचारलं.

"कीड होती. कोणाला कळलीच नाही," झुवैनाने सांगितलं, माझ्याकडे न बघता.