किडनीत बसलेली सासू

"गेली! गेली! म्हातारी गेली!"

सभागृहातली माणसं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती. समोरच्या पडद्यावर माझ्या वहिनीच्या पोटाचा सीटी स्कॅन भिंतीएवढा मोठा दिसत होता. छायामहाराजांचा तळवा वहिनीच्या कमरेवर होता, आणि पडद्यावर तिच्या डाव्या किडनीतली काळी गोल सावली आमच्या डोळ्यांदेखत विरघळत चालली होती. शेवटी तिथे नुसता करडा रंग उरला. माझा थोरला भाऊ, दादा, शेजारी हात जोडून रडत होता.

मी हात जोडले नव्हते. मी रेडिऑलॉजिस्ट. सावल्या वाचणं हा माझाच धंदा, आणि दुसरा धंदेवाला डोळ्यांत खुपतोच.

"पण लक्षात ठेव, बाळ," महाराज माइकमध्ये म्हणाले, "ती तहानेनं तडफडून गेली. तू पोटभर पाणी प्यायलीस, की आपला वाटा मागायला परत येईल. घोटाघोटानं जग!"

वहिनीनं मान डोलावली. तिचे ओठ सुकून फुटले होते.

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, पाणी मोजून द्यायचं होतं, आणि ते काम वहिनीच्या वाट्याला आलं. आई दिवसभर स्टीलचा पेला पलंगाच्या कडेवर आपटायची. "सूनबाई, घोटभर." वहिनी ओल्या कापसानं तिचे ओठ टिपायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. आई गेली, पण पेल्याचा तो आवाज घरातून गेला नाही. भर दुपारी वहिनी हातातलं काम टाकून त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. खोटं कशाला सांगू, तिथे गेलो की मीही कान देऊन ऐकायचो.

त्यातच पाठ दुखते म्हणून तिचा साधा सीटी काढला, शिरेतून औषध न देता. खडा नव्हता, पण किडनीत एक गाठ दिसली. घाबरण्यासारखं काही नाही, असं मी घसा फोडून सांगितलं. पण घरच्या डॉक्टरचं कोण ऐकतं? दादा तिला महाराजांकडे घेऊन गेला. रांगेत एका गोडबोल्या शिष्यानं त्याच्याकडून आईच्या आजारपणाची सगळी कहाणी काढून घेतली, आणि आत महाराजांना ती आपोआप "दिसली": तहानलेली सासू सुनेच्या किडनीत येऊन बसलीय!

तेव्हापासून वहिनीनं पाणी जवळजवळ सोडलं होतं. लघवी गडद झाली होती, उभं राहिलं की चक्कर यायची. असंच चाललं असतं तर तिच्या धडधाकट किडन्या खरोखरच बसल्या असत्या, आणि त्याचंही खापर माझ्या आईच्याच माथ्यावर फुटलं असतं.

मी उठलो तो थेट लॅपटॉपपाशी. तिथे बसलेल्या शिष्याच्या हातावर हात दाबून माउस खाली ओढला. पडद्यावर सावली पुन्हा काळीभोर उमटली. सभागृहात किंकाळी उठली.

"पाहिलंत!" महाराज कडाडले. "नास्तिक आला आणि म्हातारी परतली!"

मी माउस वर नेला. म्हातारी गेली. खाली आणला, आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, म्हातारी आहे की लिफ्ट?" आणि हशा पिकला.

"आता मणक्याकडे बघा," मी म्हणालो. "सावली पुसली जाते, तेव्हाच मणक्यातली बारीक जाळीही दिसायला लागते. आशीर्वाद किडनीला दिला, मग मणका कसा बदलला? स्कॅनमध्ये हाड, मांस, पाणी, प्रत्येकाची छटा वेगळी असते. मांस आणि पाणी यांच्यातला फरक अगदी थोडा. माउस वर ओढून हाडं बघायची सेटिंग लावली, की ती दोन्ही सारखीच करडी दिसतात. गाठ होती तिथेच आहे."

महाराजांना नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं.

लोक हसत घरी गेले. वहिनी हसली नाही. घरी मी भरलेला पेला पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी तिला मी माझ्या कामाच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिचा स्कॅन उघडून सावलीवर कर्सरनं वर्तुळ काढलं. तिथल्या छटेचा आकडा आला सहा.

"शुद्ध पाण्याचा आकडा शून्य असतो. हा वीसच्या आत आहे, गाठ सगळीकडे एकसारखी आहे, म्हणजे आत नुसतं पाणी. आकडा वर गेला असता, तर औषध देऊन पुन्हा तपासायला मीच तुला ओढून आणलं असतं. इथे गरज नाही."

"पाणीच ना, भावजी?" ती पुटपुटली. "त्यांनी पाणीच मागितलं होतं."

पेला आपटल्याचा आवाज क्षणभर मलाही ऐकू आला.

मी दुसरा स्कॅन उघडला. तशीच किडनी, आत तशीच काळी गोल सावली.

"ही कोण?"

"आई. आजारपणाच्या कितीतरी आधीचा स्कॅन आहे. वय वाढलं की अशा गाठी पुष्कळांना होतात. तिच्या किडन्या गेल्या त्या डायबेटिसनं, गाठीनं नव्हे."

वहिनी पुढे झुकली. "मग त्यांच्या किडनीत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

तिनं पडद्यावर बोट टेकवलं, आईच्या किडनीवर. "एक घोट दिला असता तर?"

"एका घोटानं कदाचित काही झालं नसतं. पण ती एका घोटावर थांबणार नव्हती, वहिनी. पाणी फुप्फुसांत भरलं असतं. तू तिला बुडू दिलं नाहीस."

मग ती मोठ्यानं रडली. मीही रडलो.

घरी येताच वहिनी सरळ आईच्या खोलीत गेली. तोच पेला काठोकाठ भरून तिनं उभ्या उभ्या रिकामा केला आणि पलंगाच्या कडेवर आपटला. आवाज हुबेहूब तोच.

"ऐकलंत, भावजी? हा मी केला."

तुमच्याही घरात असा आवाज येत असेल. तो ऐकून एखाद्या महाराजाकडे धावू नका. आधी दार उघडून बघा, पेला कोणाच्या हातात आहे.