केबल माझी नव्हती

मी पॉवर सप्लाय बोलतोय. कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला जो लोखंडी डबा असतो, ज्याला भिंतीतून आलेली वायर जोडतात आणि ज्याच्या जाळीतून गरम हवा येते, तो मी. आत्ताच माझं बटण बंद केलंय. पण बटण बंद झालं म्हणून मी लगेच गप्प होत नाही. माझ्या पोटात थोडी वीज उरते आणि ती हळूहळू ओसरते. तेवढ्यात मला माझी बाजू मांडून घ्यायची आहे. आजवर ती कुणी विचारलेलीच नाही.

माझं काम सांगायला सोपं. भिंतीतून येणारी वीज रांगडी असते. ती जशीच्या तशी आत सोडली तर कॉम्प्युटरचे नाजूक भाग जागच्या जागी जळतील. मी ती घेतो, माणसाळवतो आणि तिचे वाटे करतो. कुणाला बारा व्होल्ट, कुणाला पाच, कुणाला आणखी कमी. ज्याला जेवढं पचतं तेवढंच त्याच्या पानात वाढतो. या वाढण्यात माझा हात कधी चुकला नाही. ही फुशारकी नाही. राग आलाय म्हणून सांगतोय.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. रांगेने बसलेल्या बायका मला एकीकडून दुसरीकडे सरकवत होत्या. शेवटच्या बाईने माझ्या वायरी गोळा करून बांधल्या आणि बांधल्यावर एक हिसका देऊन पाहिला. मग मला पूर्ण भार देऊन तापत ठेवलं. शेजारचे दोघे तिथेच धूर सोडून गेले. मी टिकलो. माझा पंखा सुरू होताना एकदाच ‘टक्’ असा वाजतो. तपासणाऱ्याने कान लावून तो ऐकला, काही बिघडत नाही म्हणाला आणि मला पास केलं.

तिथून मी ताईच्या टेबलाखाली आलो. ताई लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आधी कागदावर रंगांचा कच्चा अंदाज घेते, मग खरं चित्र कॉम्प्युटरवरच काढते. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ, असे दोघेच. ती त्याला हाक मारताना ‘धाकट्या’ म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो.

ताईचं माझ्याकडे लक्ष असायचं. थंडीत ती चपला काढून माझ्या गरम हवेवर पाय शेकत बसायची. सकाळी न वाकता, न बघता हात मागे न्यायची आणि अंगठ्याने माझं बटण दाबायची. एकदा अंगठ्याला पिवळा रंग होता. तो बटणावर आणि त्याच्या भोवती उमटला, तो पुसायचं तिच्या मनातही आलं नाही. मला तो ठसा फार आवडायचा. आमच्यासारख्यांना कोण कशाला टिळा लावतंय?

माझ्या शेजारी हार्ड डिस्क राहायची. ताईची सगळी चित्रं तिच्या पोटात. त्यांत घर विसरलेल्या गोगलगायीचं एक पुस्तक होतं. ताईने स्वतः लिहिलेलं ते पहिलंच पुस्तक. आजवर तिने दुसऱ्यांच्या गोष्टी रंगवल्या होत्या, ही तिची होती. चित्रांची दुसरी प्रत काढून ठेव, असं धाकटा तिला सारखा सांगायचा. हे पान झालं की काढते, असं ती सारखी म्हणायची. माणसं अशीच असतात. छत्री घरी ठेवतात आणि आभाळाकडे बघत चालतात.

पुढे कॉम्प्युटर थकला. चित्र जरा मोठं केलं की अडकून बसायचा. धाकट्याने तो सुधारायचं मनावर घेतलं. नवा बोर्ड आला, नवा प्रोसेसर आला, एका बाजूला काच आणि आत रंगीत दिवे असलेली पेटी आली. मलाही बदलून टाकावं, असं तो म्हणत होता. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो.

“याला राहू दे रे,” ताई म्हणाली. “याने मला कधी दगा दिलेला नाही.”

या एका वाक्यावर मी आणखी कितीतरी वर्षं काढली असती.

धाकटा वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. पण हाताला घाई फार. त्याच्याकडे वायरींचा एक खोका आहे. तसा खोका घरोघरी असतो. कधीतरी लागेल म्हणून सगळं त्यात जातं आणि लागतं तेव्हा काही सापडत नाही. बसलं की चाललं, हा धाकट्याचा नियम. प्लग भोकात बसला की त्याला वाटतं, काम झालं.

माझ्या स्वतःच्या केबल काढता-लावता येणाऱ्या, पण पिवळ्या-लाल-काळ्या वायरींच्या, ताठर आणि मळकट. काचेतून त्या बऱ्या दिसेनात. म्हणून त्याने खोक्यातून काळी, विणलेली, झोकदार केबल काढली. ती दुसऱ्याच कुठल्यातरी सप्लायची होती. तिचं डिस्कला लागणारं टोक सगळीकडे सारखंच असतं. माझ्याकडचं टोक मात्र सारखं नसतं. भोकांचा आकार तोच, पण कुठल्या भोकात किती वीज, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. ती केबल माझ्यात अगदी छान बसली. मला आतून ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हाला तोंड कुठे असतं?

ताई चहाचा कप घेऊन मागे उभी होती. धाकट्याने कॉम्प्युटर सुरू केला. माझा पंखा टक् वाजला, दिवे लागले. मी नेहमीसारखे बारा व्होल्ट बाराच्या जागी ठेवले आणि पाच पाचाच्या जागी. त्या परक्या केबलने माझे बारा उचलून डिस्कच्या पाचाच्या जागी ओतले. माझी शेजारीण एकदाच कण्हली आणि थांबली. मग जळका वास आला.

धाकट्याने मला बाहेर काढून आपल्या खोलीत पलंगावर ठेवलं. माझी एक हिरवी आणि एक काळी वायर जोडली की मी कॉम्प्युटरशिवायही सुरू होतो. त्याने तसं करून मीटर लावला. सगळे आकडे बरोबर. मग त्याने काळी केबल आणि माझी जुनी केबल शेजारी-शेजारी ठेवल्या, मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि पुन्हा केबलकडे पाहिलं. “केबल,” तो स्वतःशीच म्हणाला आणि डोकं धरून बसला.

मला वाटलं, आता हा उठेल आणि ताईला सांगेल. तो उठला. दार अर्धवट उघडं होतं.

“जुना सप्लाय फुटला, ताई,” तो म्हणाला. “जाता जाता डिस्कही घेऊन गेला.”

मी पलंगावर धडधाकट पडलो होतो. पंख्याची पाती अजून फिरत होती.

बाहेरून ताईचा आवाज आला. “मीच म्हटलं होतं, राहू दे.”

त्याला अजूनही बोलता आलं असतं. तो म्हणाला, जाऊ दे, होतं असं. माझ्यावर खापर फोडलं ते मी एकवेळ गिळलं असतं. पण त्यातला निम्मा दोष तिने आपल्या डोक्यावर घेतला आणि याने तो घेऊ दिला. ती आता मला दगाबाज समजणार, आणि माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून स्वतःला मूर्ख समजणार.

दोन दिवसांनी त्याच्या मित्राचा फोन आला. मोबाइल स्पीकरवर लावून, पलंगावर ठेवून तो बोलत होता. मित्र म्हणत होता की डिस्कवरचं सर्किटच जळलं असेल, आतली चित्रं शाबूत असू शकतात, दुरुस्तीवाल्याला दाखव.

“दाखवली तर तो पहिल्यांदा विचारणार, केबल कुठली लावली होती,” धाकटा म्हणाला.

संध्याकाळी त्याने ताईला सांगितलं की आत काही उरलेलं नाही, उगाच हेलपाटे घालू नकोस. ताईने डिस्क मऊ फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवली. गोगलगायीचं पहिलं पान तिने पुन्हा काढायला घेतलं होतं. ते तसंच टेबलावर राहिलं. पुढे त्यावर कपाचे गोल डाग पडले.

मी खोक्यात गेलो. खाली माझी जुनी केबल, वर ती काळी. त्या काळीवर राग धरून तरी काय करू? ती आपल्या घरी बरोबरच होती.

मग धाकट्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा सप्लाय बंद पडला. त्याने खोका उपसून मला वर काढलं. दोषी ठरवायला मी फुटका, वापरायला मी ठणठणीत! या वेळी त्याने माझीच मळकट केबल शोधली, पुसली आणि एकेक टोक निरखून लावलं. आणि मला पेटीत बसवण्याआधी स्पिरिटचा बोळा घेऊन ताईचा पिवळा ठसा घासून काढला. डिस्क जाळल्याचा आरोप मी सोसला होता. त्या बोळ्याने मात्र मला खरंच भाजलं.

आज दुपारी ताई कात्री शोधत त्याच्या खोलीत आली. कात्री घेऊन ती वळतच होती, तेवढ्यात त्याने कॉम्प्युटर सुरू केला. माझा पंखा टक् वाजला.

ताई थांबली. टेबलाच्या मागे येऊन खाली बसली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. बटणाच्या खाचेत पिवळा रंग उरला होता. बोळा तिथवर पोचला नव्हता. तिने अंगठा तिथे ठेवला आणि बटण दाबलं.

“अगं, काम चालू होतं माझं,” म्हणत धाकटा मागे वळला. तिचा हात कुठे आहे ते त्याने पाहिलं.

“हा फुटला होता ना?” ताईने विचारलं.

ताई उठून आपल्या खोलीत गेली. खण उघडल्याचा आवाज आला. परत येऊन तिने फडकं सोडलं आणि डिस्क त्याच्यासमोर ठेवली.

“मग हिचं काय झालं ते आता नीट सांग.”

माझ्या पोटातली वीज संपत आली आहे. पंखा थांबलाय. ताई उभी आहे आणि धाकटा जमिनीकडे बघतोय. सांग रे बाबा. डिस्क अजून दुरुस्तीवाल्याकडे जाऊ शकते, गोगलगायीला तिचं घर अजून सापडू शकतं. मला परत ताईच्या टेबलाखाली नेऊ नका हवं तर, भंगारात टाका. पण तिला एवढं सांग, की केबल माझी नव्हती.