मी पाहिलेले साळिंदरवाल्यांचे सामने

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्यासारखे जाडजूड लॅपटॉप आता दुकानात दिसत नाहीत. माझे एक बिजागर ढिले झाले आहे, म्हणून पाठीमागे नेहमी एखाद्या पुस्तकाचा टेकू लावून ठेवावा लागतो. मला चालू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माणूस दात घासून येतो. तरी मी अजून कामावर आहे, आणि या कामाला कसा लागलो ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे बारीक बारीक स्क्रू बसवले. पहिली नोकरी मला घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत मिळाली. तिथे माझा काय थाट होता! मोठमोठ्या इमारती मी पोटात सांभाळत असे. "हा वाऱ्यासारखा चालतो," असे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण काही वर्षांनी पातळ, चकचकीत लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि मागच्या फळीवर धूळ खात पडलो. कोणी माझे झाकणही उघडत नव्हते. आपले संपले, असे मी धरून चाललो होतो.

एके दिवशी एक बुटके गृहस्थ दुकानात आले. आयुष्यभर शाळेची बस चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. एका जागी म्हणून त्यांचा पाय ठरत नसे, म्हणून ओळखीचे सगळे त्यांना भिंगरी म्हणत.

"यावर बास्केटबॉलचे सामने दिसतील का हो? परदेशातले?" त्यांनी विचारले.

"दिसतील. मध्येमध्ये अडकतील," दुकानदार म्हणाला.

"अडकू देत. आम्हीपण अडकतो," असे म्हणून भिंगरीकाकांनी मला काखोटीला मारले.

घरी आल्यावर माझी त्यांच्या मित्राशी ओळख झाली. ते चष्म्याचे दुकान चालवत. दारातून आत येताना ते सवयीने मान वाकवत, इतके उंच. त्यांना सगळे खांब म्हणत. कॉलेजात दोघे एकाच संघातून बास्केटबॉल खेळले होते. भिंगरीकाका चेंडू द्यायचे आणि खांबकाका तो जाळीत टाकायचे. दूर परदेशात दर वर्षी कॉलेजांच्या संघांची एक मोठी स्पर्धा भरते. जो संघ एकदा हरला तो घरी गेला, असा तिचा कडक नियम. तरुणपणी या दोघांना त्या स्पर्धेची बातमी वाचनालयातल्या शिळ्या मासिकांतून कळायची. आता माझ्यामुळे ते ती डोळ्यांनी पाहू लागले. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. पण त्या दिवसांत दोघांना झोप म्हणजे शत्रू वाटायची.

दोघांची एक गंमत होती. नावाजलेल्या संघाची बाजू ते कधी घेत नसत. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, असा एखादा दुबळा संघ ते दर वर्षी शोधून काढत आणि जीव तोडून त्याच्यासाठी ओरडत. तो बहुतेक वेळा पहिल्याच सामन्यात हरायचा. मग दोघे एकमेकांना दोष देत घरी जायचे.

अशी काही वर्षे मजेत गेली. मग एका सकाळी दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी वाकवताना खांबकाका खुर्चीतून खाली कोसळले. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. त्यांना सगळे कळत होते. पण काहीही बोलायला गेले की तोंडातून एकच शब्द यायचा.

"डबा."

पाणी हवे असले तरी डबा. खिडकी लावा म्हणायचे असले तरी डबा. राग आला की तोच शब्द जोरात, रडू आले की तोच हळू. भेटायला येणारी माणसे सुरुवातीला ते बहिरे असल्यासारखी मोठमोठ्याने बोलत. मग त्यांची वाक्ये स्वतःच पुरी करू लागली. मग यायचीच बंद झाली. बोलणे शिकवणाऱ्या एक ताई आठवड्यातून दोनदा येत. त्या छत्रीचे, गाईचे, दाराचे चित्र दाखवत. खांबकाका ती चित्रे डाव्या हाताने पलंगाखाली भिरकावून देत आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

स्पर्धेचे दिवस आले. भिंगरीकाकांनी मला पिशवीत घातले आणि रात्री उशिरा मित्राच्या घरी नेले. खांबकाकांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, दार उघडले ते अर्धेच.

"भाऊजी, डॉक्टरांनी त्यांना झोप घ्यायला सांगितलीय."

"वहिनी, झोपतो कुठे तो? तुम्हीच म्हणालात ना, रात्रभर छताकडे बघत असतो?"

"म्हणून काय सामने दाखवायचे? आधीच बोलता येत नाही म्हणून जिवाची नुसती तगमग होते त्यांच्या."

"एकच सामना. त्याला नको वाटलं तर मी गप उठून जाईन."

काकूंनी दार पूर्ण उघडले. "आवाज मात्र कमी ठेवा," त्या म्हणाल्या. हे त्या मला नाही, भिंगरीकाकांना सांगत होत्या.

त्या वर्षी निवडलेल्या संघाच्या पिवळ्या बनियनवर साळिंदराचे चित्र होते. म्हणून त्यांचे नाव पडले साळिंदरवाले. सामना सुरू झाला. खांबकाका भिंतीकडेच तोंड करून राहिले. भिंगरीकाका एकटेच बोलत सुटले. मग एका पोराने लांबून, रेषेबाहेरून चेंडू जाळीत टाकला. असा चेंडू पडला की तीन गुण मिळतात. हे मलासुद्धा माहीत होते. पण भिंगरीकाका मोठ्याने म्हणाले, "वा! दोन गुण!"

पलंगावर हालचाल झाली नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसाच चेंडू पडला.

"आणखी दोन!" भिंगरीकाका म्हणाले.

"डबा!" खांबकाका गर्रकन वळले. त्यांनी डावा हात वर करून तीन बोटे दाखवली. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"तीन? छे! नियम बदललाय."

"डबा, डबा, डबा!" खांबकाका उठून बसायला धडपडू लागले. काकूंनी धावत येऊन पाठीला उशी लावली. भिंगरीकाका गालातल्या गालात हसत होते, आणि मग काकूंच्याही ते लक्षात आले. कित्येक दिवसांनी त्यांचा नवरा कोणाशी तरी भांडत होता.

साळिंदरवाले तो सामना जिंकले. पुढचाही जिंकले. दुसऱ्या सामन्याच्या वेळी मी इतका तापलो की माझा पंखा घरघरू लागला. काकूंनी माझ्याखाली दोन पेन्सिली सरकवून हवा जायला वाट केली आणि वर्तमानपत्राने मला वारा घालत बसल्या. कचेरीत साहेबांनी माझे एवढे कौतुक केले, पण असा वारा कोणी घातला नव्हता, मित्रांनो.

"त्या चार नंबरच्या पोराला कोणी पोटभर जेवायला घालतं की नाही?" वारा घालता घालता काकू म्हणाल्या. "नुसती काडी आहे काडी."

"वहिनी, तो पोर सगळ्यांना पुरून उरतोय."

"ते दिसतंय मला. पण बरगड्यापण दिसतात."

खांबकाका हसले. अर्ध्याच तोंडाने हसले, पण हसले.

तिसरा सामना मोठ्या, नामांकित संघाशी होता. खोलीतला दिवा मालवला होता. तिघांच्या तोंडावर माझाच उजेड पडला होता. सामना शेवटच्या क्षणांपर्यंत रंगला. साळिंदरवाले एका गुणाने मागे होते आणि चेंडू त्या काडीसारख्या पोराच्या हातात होता. समोरच्या तिघांनी त्याला घेरले. कोपऱ्यात त्याचा एक जोडीदार मोकळा उभा होता, पण पोराचे तिकडे लक्षच जात नव्हते. भिंगरीकाकांची वाचा बसली. काकूंचा वारा थांबला.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"दे! त्याला दे! कोपऱ्यात!"

खांबकाका डाव्या हातावर भार देऊन अर्धे उठले होते. घोगरा, गंजलेला आवाज होता, पण शब्द अगदी स्वच्छ होते. त्या पोराने चेंडू कोपऱ्यात फेकला, जोडीदाराने उडी मारली, आणि नेमका त्याच क्षणी मी अडकलो. माझ्या पडद्यावर ते गोल गोल फिरणारे चक्र आले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

खांबकाकांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि ते संतापाने ओरडले, "डबा!"

आजारी पडल्यापासून तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच योग्य ठिकाणी वापरला होता. भिंगरीकाका पोट धरून हसू लागले. काकू मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणत होत्या, "पुन्हा म्हणा. काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना."

चित्र परत आले तेव्हा सामना संपला होता. चेंडू जाळीच्या कड्यावर आपटून बाहेर गेला होता आणि साळिंदरवाली पोरे जमिनीवर बसून रडत होती. खोलीतही तिघे रडत होते, पण त्यांचे रडणे वेगळे होते.

सकाळी काकूंनी नवऱ्याला हौसेने विचारले, "चहा हवा का दूध?" खांबकाकांनी तोंड उघडले. "डबा," ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. काकू चहाचे पातेले हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. रात्रीचे सगळे स्वप्नच होते की काय, असे त्यांना वाटले असणार.

बोलणे शिकवणाऱ्या ताई आल्या तेव्हा काकूंनी त्यांना सगळे सांगितले. ताई निराश झाल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले.

"मी चित्रं दाखवून शब्द मागते, म्हणून ते अडतात," त्या म्हणाल्या. "रात्री कोणी मागितला नव्हता, आपसूक आला. शब्द आत आहेत, काकू. वाट बुजलीय, ती रोज थोडी थोडी मोकळी करू. तो सामना पुन्हा लावता येईल का?"

मग माझी नवी नोकरी सुरू झाली. जुने सामने मी पुन्हा पुन्हा दाखवू लागलो. ताई चेंडू देण्याच्या क्षणाला मला थांबवत आणि काही न विचारता बसून राहत. कधी बराच वेळ काहीच होत नसे. कधी "दे" यायचे. एकदा "पास" आला. भिंगरीकाकांचा तोंडावर ताबा राहत नसे, म्हणून ताईंनी त्यांना स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसायची शिक्षा केली होती. उन्हाळा सरेपर्यंत खांबकाका दोन-तीन शब्द जोडू लागले. पूर्वीसारखे भराभर बोलणे आले नाही आणि येणारही नाही, असे ताईंनी स्पष्ट सांगितले आहे. पण आता दुपारी ते दुकानात जाऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला "हा... घ्या. हलका... आहे," असे सांगतात.

पुढे भिंगरीकाकांनी मला ताईंच्या हवाली केले, आणि आता मी त्यांच्या उपचाराच्या खोलीत राहतो. संध्याकाळी तिथे बोलणे हरवलेली माणसे जमतात. खांबकाका आणि भिंगरीकाकाही येतात. गेल्या आठवड्यात एक शिक्षिका पहिल्यांदाच आल्या. बरोबर त्यांचा मुलगा होता. चांगला होता बिचारा, आईच्या काळजीने अगदी अर्धा झाला होता. सामना बघताना आईने तोंड उघडले की तो लगेच म्हणे, "पाणी हवंय का? पंखा लावू? घरी जायचंय?" आई पुन्हा तोंड मिटे.

खांबकाकांनी त्याच्या हातावर आपला डावा हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. कोणी मदत केली नाही. "तिला... बोलू दे."

सगळी खोली थांबली. भिंगरीकाकासुद्धा जागचे हलले नाहीत. बाईंच्या गळ्याची शीर ताणली गेली, डोळे माझ्या पडद्यावर खिळले, आणि त्या म्हणाल्या, "पंच... आंधळा... आहे!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! मुलगा हसता हसता रडायला लागला.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला थोडी हवा द्या आणि जरा दम धरा. आणि तुमच्या घरी, शेजारी एखादे माणूस शब्दासाठी अडले असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याच्याजवळ बसा. वेळ लागेल तेवढा लागू द्या. त्याला काय म्हणायचे आहे, ते अजून तुम्हाला ठाऊक नाही.