शालनबाईंची वीस इंची

शालनबाई चाकणच्या दवाखान्यात सुईण म्हणून लागल्या, त्याला सहा वर्षं होत आली होती. पुण्याला राहून शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या, पगारी सुईण. आसपासच्या नऊ गावांची बाळंतपणं त्यांच्याकडे. निरोप आला की पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. १९५५ च्या दिवाळीनंतर एकाच आठवड्यात दोनदा असं झालं, की त्या पोचायच्या आधीच मूल जन्मलं. दोन्ही वेळा निभावलं. पण दुसऱ्या घरात नाळ विळ्यानं कापलेली पाहिली आणि त्या घरी आल्या त्या ठरवूनच.

"मला सायकल घ्यायची हाय," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

रंगराव अंगणात कांद्याची रोपं निवडत बसले होते. "तुला? चालवता येती का?"

"न्हाई. तुमाला येती?"

"न्हाई."

"मग झालं तर. दोघंबी सारखेच."

रंगरावांनी हातातली रोपं खाली ठेवली. गावात एकाही बाईनं सायकलला हात लावलेला नव्हता. लोक काय म्हणतील हे त्यांना बोलायचं होतं, पण बायकोचं तोंड बघून त्यांनी एवढंच विचारलं, "कवा जायचं?"

चिंचवडला आबाजींचं सायकलचं दुकान होतं. पिंपरीत औषधाचा सरकारी कारखाना उभा राहिल्यापासून जुन्या सायकलींना गिऱ्हाईक वाढलं होतं. दोघं एसटीनं नाशिक फाट्याला उतरले आणि तिथून चालत दुकानात पोचले तेव्हा आबाजी एका चाकाच्या तारा ताणत होते. त्यांनी आधी रंगरावांकडे पाहिलं.

"बोला राव, कामाला लागलात वाटतं कारखान्यात?"

"मला न्हाई, हिला पायजे," रंगराव खाली बघत म्हणाले.

आबाजींनी चाक बाजूला ठेवलं. "बाई, तुम्हाला लेडीज सायकल लागेल. ती जुन्यात मिळत नाही. नवी घ्यायची तर दोनशेच्या वर जाते."

"लेडीज कशाला?"

"मधली दांडी आडवी येते ना. पातळ अडकतं."

"गोल पातळवाल्या बायांचं अडकत आसंल," शालनबाई म्हणाल्या. "माझं नऊवारी हाय, कासोट्याचं. ह्याच लुगड्यात मी बांध ओलांडते. दांडी ओलांडाया काय हुतंय?"

आबाजी उठले. त्यांनी जुन्या सायकली दाखवायला सुरुवात केली. सगळ्यात पुढे एक हिरवीगार, ताज्या रंगाची उभी होती. हँडल चकचकीत, घंटी पितळेची. रंगरावांचे डोळे तिच्यावरच खिळले. "ही घे. चार लोकांत शोभंल."

शालनबाईंनी घंटी वाजवली नाही. त्यांनी सायकलच्या सगळ्या नळ्यांवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. पोटावर हात ठेवून आतलं मूल आडवं की उभं हे ओळखणारी बोटं होती ती. डोळे मिटून, सावकाश. हँडलच्या खाली, जिथं दोन नळ्या मिळतात तिथं बोट थांबलं. पुढे गेलं, परत मागे आलं.

"हितं काय हाय?"

"कुठं? काही नाही."

"रंगाखाली हाय. केसाएवढा उंचवटा लागतोय. तुमी बगा."

आबाजींनी हात पुसून बोट लावलं. मग अंगठ्याच्या नखानं थोडा रंग खरवडला. खाली जोड होता. मोडलेली नळी कुणीतरी डाग देऊन जोडली होती आणि वरून रंग दिला होता. आबाजींचा चेहरा उतरला. "बाई, देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मीही अशीच घेतली, रंग बघून. वीस वर्षं हा धंदा करतोय." त्यांनी सायकल उचलून आत नेऊन ठेवली. बाहेर आले तेव्हा त्यांचा सूर बदलला होता. "आता मी सांगतो तसं बघा. नवशिक्यानं आधी उंची बघायची. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, मग पडायची भीती निम्मी होते."

एक बावीस इंची सांगाड्याची पाहिली. टाचा अधांतरी राहिल्या. मागे भिंतीला टेकून एक काळी, पोपडे गेलेली, वीस इंची सायकल होती. कॅरियर वाकडं, सीट फाटलेली. शालनबाई दांडीवरून पाय टाकून बसल्या. दोन्ही पावलं पुरती जमिनीवर टेकली. मग उतरून त्यांनी चाक उचलून फिरवलं आणि कान जवळ नेला. चाक न डगमगता, एका लयीत फिरत राहिलं. नळ्यांवरून बोटं फिरवली. गंज होता, जोड नव्हता.

"ही."

"अगं, भंगार दिसती," रंगराव कुजबुजले.

"दिसू द्या. हाडानं चांगली हाय."

आबाजींनी सत्तर रुपये घेतले. ब्रेकचे रबर नवे घातले, चेनला तेल दिलं आणि कॅरियर सरळ करून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

एसटीच्या टपावर टाकली तर चाक वाकेल म्हणून दोघांनी ती हातानं ढकलत घरी न्यायचं ठरवलं. सात कोस पाळीपाळीनं. भोसरीजवळ एका गाडीवानानं विचारलं, "काय पाव्हणं, पंक्चर का?"

"व्हय, पंक्चर," रंगराव पटकन म्हणाले.

शालनबाई नुसत्या चालत राहिल्या. मोशीच्या पुढे पूल ओलांडल्यावर दुसऱ्या एकानं तेच विचारलं. रंगराव थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग हँडल नीट धरलं.

"पंक्चर न्हाई. मालकीण चालवाया शिकायची हाय अजून. हिची सायकल हाय. हिनं सोता पारखून घेतली."

पुढचा सगळा रस्ता त्यांनी सायकल बायकोच्या हातात दिली नाही.

बाजार नसेल त्या दिवशी चाकणचा बाजारतळ मोकळा असायचा. शिकणं तिथं झालं. शालनबाई पायडल मारत, रंगराव सीट धरून मागे पळत. बायका कुंपणाशी उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायच्या. पहिल्या आठवड्यात दोन्ही कोपरं सोलली, गुडघा सुजला. दहाव्या दिवशी रंगराव धापा टाकत थांबले आणि त्यांच्या लक्षात आलं, की सीट कधीच सुटलीय. सायकल पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. हसणाऱ्या बायकांतली एक मोठ्यानं म्हणाली, "गेली की गं!"

माघात निघोज्याहून सोपानराव दुपारच्या उन्हात धावत दवाखान्यात आले. सून छबूबाई पहिलटकरीण, सकाळपासून अडली होती. "गाडी जुपून आणतो म्हणलं तर येळ जायचा," ते रडवेले झाले होते.

"तुमी या मागनं," शालनबाई म्हणाल्या. पिशवी कॅरियरला आवळली आणि निघाल्या. मातीचा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. त्या एकदाच पडल्या, उठल्या, पिशवी बघितली, पुन्हा बसल्या. चालत जायच्या निम्म्यापेक्षाही कमी वेळात त्या छबूबाईपाशी होत्या.

डोकं दिसत होतं आणि नाळेचा वेढा गळ्याला होता. बोटं आत सरकली, वेढा सैल झाला, डोक्यावरून निघाला. पोरगी बाहेर आली ती निळी पडलेली. पाठीवर चोळलं, तोंड साफ केलं. मग ती इतक्या जोरात रडली, की नुकतेच धापा टाकत दारात पोचलेल्या सोपानरावांनी तिथूनच हात जोडले.

"अजून वाईच येळ झाला आस्ता तर?" त्यांनी विचारलं.

"झाला न्हाई," शालनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी परत निघताना वाटेत निघोज्याची चावडी लागली. चावडीवर माणसं बसलेली असली की गावच्या सुना चपला हातात घेऊन, खाली मान घालून जात. शालनबाई सायकल हातात धरून तिथं पोचल्या. पायरीवरची आठ-दहा माणसं त्यांच्याकडे बघत होती. छबूबाईच्या पोरीची बातमी अगोदरच पोचली होती. त्यांनी पदर खोचला, दांडीवरून पाय टाकला आणि चपला पायात असतानाच पायडल मारलं.

एक म्हातारा उठून उभा राहिला. मग बाकीचेही उठले. शालनबाई मान ताठ ठेवून, हँडल जराही न हलवता त्यांच्यासमोरून गेल्या.