फ्लेक्सवरचं निळं फुलपाखरू

शमशुद्दीन पोटावर आडवे झाले की धायरीच्या त्या सोसायटीत कुणीतरी हमखास विचारायचं, "काका, चक्कर आली का?" नखाएवढ्या निळ्या फुलपाखराचा फोटो उभ्याने येत नाही, हे कुणाकुणाला सांगणार? ते फुलपाखरू राहायचं भिंतीलगतच्या आंबुशीत. तिथेच अंडी घालायचं, तिच्याच पानांवर अळ्या वाढायच्या. सोसायटीच्या लेखी मात्र आंबुशी म्हणजे तण, आणि तो पट्टा काढून प्लास्टिकचं गवत बसवायचं घाटत होतं. त्या गवताला पाणी लागत नाही, ते वाढत नाही, मरतही नाही. कमिटीला ते आपलंसं वाटणं साहजिकच होतं.

पट्टा वाचवायचा तर बोलायला हवं. शमशुद्दीनचा जन्म ग्रंथालयात गेलेला. तिथे लोकांना गप्प बसवायचा पगार मिळायचा.

"आपल्याला तरी काय एवढं कळतं?" ते बायकोला म्हणाले.

"तुम्हाला कळत नाही, त्यांना तर त्याहून नाही," बिलकिस मेथी निवडत म्हणाली. "फोटो पाठवा. वाचत कुणी नाही, चित्रं बघतात."

त्यांनी अध्यक्षांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'भिंतीलगतची ही जागा कृपया जपावी.'

अध्यक्ष रणजित. जमीन मुळात त्याच्या घरची. विकून झाली तरी मालकी सुटली नव्हती. संध्याकाळी तो स्वतःच दारात आला.

"चाचा, हे आपल्या हितलं हाय? आन् तुम्ही आजवर बोलला नाय? प्लास्टिक कॅन्सल. जागा जपायची म्हंजे जपायची. सोडा माझ्यावर."

शमशुद्दीन निर्धास्त होऊन लेकीकडे लोणी काळभोरला चार दिवस राहून आले. परतले तेव्हा भिंतीलगत लोखंडी खांबांवर फ्लेक्स झळकत होता: 'फुलपाखरू वाचवा'. त्यांच्या फोटोतलं फुलपाखरू म्हशीएवढं झालं होतं. त्याहून मोठा रणजित, गॉगल लावून, हात जोडून. खाली कमिटीची मुंडकी, शुभेच्छुक म्हणून. आणि खांब वाऱ्याने हलू नयेत म्हणून सगळी आंबुशी खरवडून तिथे सिमेंटचा ओटा घातला होता.

"जागा पक्की केली, चाचा," रणजित म्हणाला. "आता हात लावायची कुणाची टाप हाय?"

संध्याकाळी उद्घाटन. फीत कापली, नारळ फुटला आणि माइक शमशुद्दीनच्या हातात आला. दोन शब्द बोला म्हणे.

"हे फुलपाखरू आंबुशीवर जगतं," ते म्हणाले. "आंबुशी या ओट्याच्या जागी होती. तुम्ही ती अंड्यांसकट खरवडलीत. आता इथे फुलपाखरू नाही. तुमचे फोटो आहेत."

मग सेक्रेटरी चैताली शेजारणीकडे वळली. "किती मनापासून बोलतात ना," असं म्हणून तिने टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांनी त्या उचलल्या. रणजितने शाल घातली, फोटोसाठी त्यांना ओट्यावर नीट मधोमध उभं केलं.

घरी बिलकिसने विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"सगळं?"

"सगळं."

"मग?"

त्यांनी शाल खुर्चीवर टाकली. "ही दिली."

बिलकिसने शालीचा पदर चिमटीत धरून पाहिला. "पॉलिस्टर आहे," ती म्हणाली.